‘योग्य माणूस’ कोण? : छुप्या शस्त्राच्या परवान्याचा अमेरिकन इतिहास

अमेरिकेतल्या बंदुकांची आपल्याकडे चर्चा होते ती एखाद्या शाळेत किंवा बाजारात गोळीबार होऊन माणसे मेली की. चार दिवस वर्तमानपत्रांत फोटो येतात, हळहळ व्यक्त होते आणि ‘त्या देशात बंदुका फार’ एवढ्या निष्कर्षावर विषय मिटतो. या चर्चेत एक प्रश्न मात्र राहून जातो. घरात बंदूक असणे ही एक गोष्ट झाली. कोटाखाली किंवा पर्समध्ये भरलेले पिस्तूल लपवून रस्त्यात, बसमध्ये, बाजारात हिंडण्याची मुभा ही दुसरी. ही दुसरी मुभा कोणाला द्यायची, कोणी द्यायची आणि कोणत्या कसोटीवर? अमेरिकेने या प्रश्नाला दोनशे वर्षांत वेगवेगळी आणि एकमेकांविरुद्ध जाणारी उत्तरे दिली. त्या उत्तरांचा इतिहास वाचताना पिस्तुलापेक्षा माणसांबद्दलच अधिक कळते. राज्यकर्त्यांनी कोणावर विश्वास ठेवला आणि कोणावर नाही, याची ती नोंदवहीच आहे.

गुप्तीचा खटला

अमेरिकन राज्यघटनेची दुसरी दुरुस्ती १७९१ ची. शस्त्रे बाळगण्याचा लोकांचा हक्क तिने मान्य केला. मात्र हा हक्क कुठपर्यंत पोचतो, हे तिच्या एका वाक्यातून स्पष्ट होत नव्हते. लपवलेल्या शस्त्रांवर पहिले कायदे केले ते दक्षिणेकडच्या राज्यांनी. १८१३ मध्ये केंटकी आणि लुइझियाना या दोन राज्यांनी पिस्तूल, खंजीर वगैरे अंगावर लपवून नेण्यास बंदी घातली. त्या काळच्या समाजात मानापमानावरून हातघाईवर येणे रोजचेच होते. ज्याच्याजवळ शस्त्र दिसत नाही असा माणूस भांडणात अचानक सुरा काढतो, हा प्रकार कायदे करणाऱ्यांना भ्याडपणाचा वाटत होता.

केंटकीच्या कायद्यात एक माणूस सापडला तो काठीत दडवलेल्या गुप्तीमुळे. त्याचे प्रकरण वरच्या न्यायालयात गेले आणि १८२२ मध्ये न्यायालयाने कायदाच घटनाबाह्य ठरवला. राज्याच्या घटनेने दिलेला हक्क पूर्ण आहे, त्यात कायदेमंडळाला काटछाट करता येणार नाही, असे न्यायाधीशांचे म्हणणे होते. केंटकीच्या लोकांना हे रुचले नाही. त्यांनी १८५० च्या नव्या राज्यघटनेत स्पष्ट कलम घातले की लपवलेल्या शस्त्रांवर बंदी घालण्याचा अधिकार कायदेमंडळाला राहील.

इतर राज्यांतल्या न्यायालयांनी वेगळी वाट धरली. अलाबामाने १८४० मध्ये, जॉर्जियाने १८४६ मध्ये आणि लुइझियानाने १८५० मध्ये जे निकाल दिले त्यांचे सार एकच होते : उघडपणे शस्त्र बाळगा, तो तुमचा हक्क, लपवून बाळगाल तर सरकार अडवू शकते. आजच्या वाचकाला याची गंमत वाटेल. आज कमरेला उघडे पिस्तूल लावून कोणी दुकानात शिरला तर लोक दचकतात आणि पिस्तूल झाकलेले असले तर कोणाच्या लक्षातही येत नाही. तेव्हा सभ्यपणाची कल्पना नेमकी उलटी होती.

रंग पाहून कायदा

हा सगळा वाद अर्थातच गोऱ्या माणसांपुरता होता. गुलामांचा तर प्रश्नच नव्हता. जे कृष्णवर्णीय कायद्याने मुक्त होते, त्यांच्यासाठीही नियम निराळे होते. व्हर्जिनियाने १८०६ मध्ये मुक्त कृष्णवर्णीयांना परवान्याशिवाय बंदूक बाळगण्यास मनाई केली. १८३१ मध्ये नॅट टर्नरच्या नेतृत्वाखाली गुलामांचे बंड झाले आणि पुढच्याच वर्षी तो परवान्याचा मार्गही बंद करण्यात आला. टेनेसीच्या पहिल्या घटनेत शस्त्राचा हक्क ‘मुक्त माणसांना’ होता. १८३४ मध्ये ते शब्द बदलून ‘मुक्त गोरी माणसे’ असे करण्यात आले. एका विशेषणात सगळा इतिहास मावला.

१८५७ चा ड्रेड स्कॉट खटला सर्वांना ठाऊक असतो. कृष्णवर्णीय माणूस अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही, असे सरन्यायाधीश टॅनी यांनी त्यात म्हटले. त्यासाठी त्यांनी जी कारणे दिली त्यांत एक कारण असे होते की, नागरिक मानले तर या लोकांना वाटेल तिथे शस्त्र घेऊन जाण्याचा हक्क मिळेल. म्हणजे शस्त्र घेऊन हिंडणे हे नागरिकत्वाचेच लक्षण आहे, हे टॅनी मान्य करत होते आणि त्याच कारणासाठी एका समाजाला नागरिकत्व नाकारत होते.

यादवी युद्ध संपले, गुलामगिरी गेली. पण १८६५ च्या नोव्हेंबरात मिसिसिपीने कायदा करून लष्करात नसलेल्या कृष्णवर्णीयांना स्थानिक मंडळाच्या परवान्याशिवाय बंदूक, दारूगोळा किंवा सुरा बाळगण्यास बंदी केली. अशा कायद्यांना आवर घालण्यासाठीच चौदावी घटनादुरुस्ती १८६८ मध्ये आली. तिने कायद्यापुढची समानता कागदावर आणली. मग कायद्याची भाषा बदलली. उघडपणे रंगाचा उल्लेख करता येत नाही म्हटल्यावर दुसरे मार्ग सापडले. टेनेसीने १८७९ मध्ये लष्करी बनावटीची पिस्तुले वगळून बाकीच्या पिस्तुलांच्या विक्रीवर बंदी घातली. लष्करी पिस्तूल महाग. गरिबाला, म्हणजे प्रामुख्याने पूर्वाश्रमीच्या गुलामाला, ते परवडणारे नव्हते. कायद्यात कुठेही रंगाचा शब्द नव्हता.

फ्लोरिडाने १८९३ मध्ये बंदुकांसाठी परवान्याचा कायदा केला आणि १९०१ मध्ये त्यात पिस्तुलांचीही भर घातली. तोही वाचायला निरुपद्रवी होता. १९४१ मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात या कायद्याचे प्रकरण आले, तेव्हा न्यायमूर्ती ब्यूफर्ड यांनी आपल्या स्वतंत्र मतात सरळ लिहून टाकले की टर्पेन्टाइनच्या आणि लाकूडतोडीच्या छावण्यांत कृष्णवर्णीय मजूर मोठ्या संख्येने आले, त्यांना निःशस्त्र करण्यासाठी हा कायदा होता आणि गोऱ्या लोकांना तो लागू करायचा कधी हेतूच नव्हता. पन्नास वर्षे जे सर्वांना ठाऊक होते आणि कोणी लिहीत नव्हते, ते न्यायालयाच्या कागदावर आले.

न्यूयॉर्कचा नमुना

उत्तरेकडे कारण वेगळे होते. जानेवारी १९११ मध्ये न्यूयॉर्क शहरात डेव्हिड ग्रॅहम फिलिप्स या कादंबरीकाराचा भर रस्त्यात गोळ्या घालून खून झाला. त्याच वर्षी राज्याचे सिनेटर टिमोथी सलिव्हन यांनी कायदा मंजूर करून घेतला. लपवता येण्याजोग्या शस्त्रासाठी परवाना आवश्यक झाला आणि परवान्याविना ते अंगावर बाळगणे हा गंभीर गुन्हा ठरला. वाढत्या शहरात, दाटीवाटीच्या वस्त्यांत हा कायदा शहाणपणाचा होता. त्याच वेळी इटलीहून आलेल्या स्थलांतरितांविषयी जो संशय हवेत होता, त्याची सावलीही त्याच्यावर होती.

पुढे पुष्कळ राज्यांनी हा साचा उचलला. त्यात दोन शब्दप्रयोग आले. अर्जदाराकडे ‘योग्य कारण’ असावे आणि तो स्वतः ‘योग्य माणूस’ असावा. ठरवणार कोण? कुठे शेरीफ, कुठे पोलीसप्रमुख, कुठे न्यायाधीश. त्यांनी नकाराची कारणे तपशीलवार द्यावीत, असे बंधन फारसे नव्हते. धोरणाची भाषा वापरायची तर याला अधिकाऱ्याच्या तारतम्यावर सोपवलेला परवाना म्हणता येईल. तारतम्य हा शब्द चांगला आहे. पण ज्याच्या हाती ते सोपवले त्याच्या मनात काय आहे, हे कायदा विचारत नाही.

मंटगमेरीतला अर्ज

३० जानेवारी १९५६ च्या रात्री अलाबामातल्या मंटगमेरी शहरात मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बॉम्ब टाकण्यात आला. बसवरील बहिष्काराचे आंदोलन सुरू होऊन दोन महिने होत होते. घरात पत्नी आणि काही आठवड्यांची मुलगी होती. दोघी थोडक्यात वाचल्या. त्यानंतर किंग यांनी पिस्तूल बाळगण्याच्या परवान्यासाठी अर्ज केला. अहिंसेचा पुजारी म्हणून आपण ज्यांना ओळखतो त्या किंग यांनी!

अलाबामाच्या कायद्यात कसोटी होती ती जिवाला किंवा मालमत्तेला धोका असल्याच्या योग्य कारणाची आणि अर्जदार योग्य माणूस असण्याची. धोक्याचा पुरावा किंग यांच्या घराच्या ओसरीवर पडलेला होता. माणूस धर्मोपदेशक, डॉक्टरेट झालेला, कोणताही गुन्हा नावावर नसलेला. तरी अर्ज नामंजूर झाला. ज्या व्यवस्थेविरुद्ध हा माणूस उभा होता, त्याच व्यवस्थेला त्याची योग्यता ठरवायची होती. दुसरा निकाल कसा लागणार?

पुढे काय झाले तेही पाहिले पाहिजे. त्या काळात किंग यांच्या घरी संरक्षणासाठी बंदुका होत्या. बेयर्ड रस्टिन यांच्यासारखे गांधीविचाराचे सहकारी आले, त्यांनी चर्चा केली आणि किंग यांनी हळूहळू शस्त्रांची साथ सोडली. ज्या आंदोलनाने मंटगमेरीतला भेदभाव मोडला ते बिनशस्त्र होते. दुसरीकडे, १९६४ मध्ये लुइझियानातल्या जोन्सबरो गावी कृष्णवर्णीयांनी ‘डीकन्स फॉर डिफेन्स’ ही सशस्त्र संरक्षकांची संघटना काढली आणि क्लू क्लक्स क्लॅनच्या टोळ्यांपासून वस्त्यांचे व कार्यकर्त्यांचे रक्षण केले. एकाच समाजाने दोन्ही मार्ग चोखाळले. घरात बसून त्यांपैकी एकाला भेकड आणि दुसऱ्याला हिंसक म्हणणे सोपे आहे; रात्री घराबाहेर मोटारीचे दिवे थबकलेले पाहणाऱ्याला ते सोपे नसते.

१९६६ मध्ये कॅलिफोर्नियात ओकलंडला ब्लॅक पँथर पक्ष स्थापन झाला. तिथल्या कायद्यात भरलेली बंदूक उघड्यावर बाळगण्यास मनाई नव्हती. पँथरचे तरुण बंदुका घेऊन पोलिसांच्या गस्तीवर नजर ठेवू लागले. लगेच डॉन मलफर्ड या आमदारांनी बंदीचे विधेयक आणले. २ मे १९६७ रोजी पँथरचे सुमारे तीस जण सशस्त्र होऊन सॅक्रामेंटोच्या विधानभवनात गेले. विधेयक मंजूर व्हायला मग वेळ लागला नाही. त्यावर सही करणारे गव्हर्नर होते रोनाल्ड रेगन आणि पाठिंबा देणाऱ्यांत होती नॅशनल रायफल असोसिएशन. पुढे शस्त्रस्वातंत्र्याचे सर्वांत मोठे कैवारी म्हणून मिरवणारे हेच दोघे. बंदूक कोणाच्या हातात आहे हे पाहून तत्त्वे कशी बदलतात, याचे याहून ठळक उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

मागेल त्याला परवाना

रायफल असोसिएशनचा चेहरा बदलला तो १९७७ च्या सिनसिनाटी अधिवेशनात. नेमबाजी आणि शिकार यांत रमलेले जुने नेतृत्व गेले, राजकीय लढाईला उत्सुक असलेले नवे आले. दहा वर्षांनी, १९८७ मध्ये, फ्लोरिडाने कायदा केला : वय, प्रशिक्षण, गुन्ह्यांची नोंद नसणे अशा ठरावीक अटी पूर्ण करणाऱ्याला परवाना द्यावाच लागेल, अधिकाऱ्याचे तारतम्य संपले. अशी काही राज्ये आधीही होती, पण फ्लोरिडापासून लाट आली. २०१३ मध्ये न्यायालयाच्या आदेशामुळे इलिनॉयने कायदा केला, तेव्हा परवान्याची सोयच नाही असे एकही राज्य उरले नाही. त्याच्याही पुढचा टप्पा म्हणजे परवानाच नको. व्हर्माँटमध्ये तो कधीच नव्हता. २००३ मध्ये अलास्काने तो रद्द केला, आणि २०२४ पर्यंत अशा राज्यांची संख्या २९ झाली.

यातून गुन्हे घटले की वाढले? जॉन लॉट आणि डेव्हिड मस्टर्ड यांनी १९९७ मध्ये १९७७ ते १९९२ या काळातील जिल्हावार आकडेवारी मांडून असा दावा केला की, कोणाजवळ पिस्तूल असेल हे कळत नसल्याने गुन्हेगार बिचकतात आणि हिंसक गुन्हे कमी होतात. लॉट यांचे ‘मोअर गन्स, लेस क्राइम’ हे पुस्तक १९९८ मध्ये आले आणि विधानमंडळांतून त्याचे दाखले दिले जाऊ लागले. २००४ मध्ये राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने हीच आकडेवारी तपासली. गृहीतके थोडी बदलली की निष्कर्ष उलटतो, म्हणून या कायद्यांचा परिणाम असा वा तसा झाला असे ठरवता येत नाही, असे समितीने म्हटले. जेम्स विल्सन या एका सदस्याने मात्र खुनांपुरते भिन्नमत नोंदवले.

गाडी तिथेच थांबली नाही. २०१९ मध्ये जॉन डोनह्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जास्त वर्षांची आकडेवारी आणि नव्या पद्धती वापरल्या. असा कायदा झालेल्या राज्यांत दहा वर्षांनंतर हिंसक गुन्ह्यांचे प्रमाण, कायदा झाला नसता तर जेवढे असते त्यापेक्षा सुमारे १३ ते १५ टक्के अधिक आढळते, असे त्यांना दिसले. कारणे समजायला अवघड नाहीत. मोटारीत ठेवलेली पिस्तुले चोरीला जातात आणि गुन्हेगारांच्या हाती पोचतात. रस्त्यातली बाचाबाची गुद्द्यांवर संपायची ती गोळीवर संपते. पोलिसांचा वेळ या प्रकरणांत जातो आणि इतर गुन्ह्यांचा तपास मागे पडतो. परवानाधारक सगळे गुन्हेगार होतात असे कोणी म्हणत नाही. बहुतेक जण सरळमार्गीच असतात. परिणाम घडतो तो सगळ्यांची बेरीज होऊन. आणखी एक आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसे मेली, त्यांतल्या निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. ज्या शत्रूच्या भीतीने पिस्तूल घेतले तो आलाच नाही. हताश क्षण मात्र आला.

न्यायालयाचा इतिहास आणि इतिहासाचे न्यायालय

२००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरात स्वसंरक्षणासाठी पिस्तूल ठेवण्याचा वैयक्तिक हक्क मान्य केला. २३ जून २०२२ रोजी ब्रुएन खटल्यात सहा विरुद्ध तीन मतांनी न्यायालय घराबाहेर आले. न्यूयॉर्कची ‘योग्य कारण’ दाखवण्याची अट रद्द झाली, आणि कॅलिफोर्निया, न्यू जर्सीसारख्या तशाच कायद्यांचाही पाया ढासळला. आदल्याच महिन्यात बफेलोच्या दुकानात आणि उवाल्डेच्या शाळेत हत्याकांडे झाली होती. न्यायमूर्ती थॉमस यांनी नवी कसोटी सांगितली : शस्त्रावरचा निर्बंध देशाच्या ऐतिहासिक परंपरेशी जुळला पाहिजे. निकालात त्यांनी टॅनी यांच्या ड्रेड स्कॉटमधल्या त्या उल्लेखाचा आणि मुक्त झालेल्या गुलामांच्या शस्त्रहक्काचाही आधार घेतला.

या खटल्यात न्यूयॉर्कच्या कायद्याविरुद्ध बोलणाऱ्यांत गरिबांचे खटले चालवणारे सरकारी बचाव-वकीलही होते. त्यांचे म्हणणे मोलाचे होते. परवाना मिळवणारे ओळखीपाळखीचे आणि पैसेवाले, आणि परवान्याविना पकडले जाणारे बहुतेक कृष्णवर्णीय व लॅटिनो तरुण, हे ते रोज पाहत होते. ही तक्रार खरी आहे. पण तिच्यावरचा उपाय ‘सर्वांना पिस्तूल’ हा आहे का?

६ जुलै २०१६ रोजी मिनेसोटात फिलँडो कॅस्टील या बत्तीस वर्षांच्या कृष्णवर्णीय माणसाची मोटार पोलिसांनी अडवली. शाळेच्या भोजनगृहात तो काम करत असे. त्याच्याजवळ पिस्तुलाचा रीतसर परवाना होता. आपल्याजवळ शस्त्र आहे हे त्याने स्वतःहून, अदबीने सांगितले. काही क्षणांत पोलिसाने सात गोळ्या झाडल्या. कॅस्टील मेला, २०१७ मध्ये ज्यूरीने पोलिसाला निर्दोष ठरवले. परवाना मिळण्यातला भेदभाव गेला म्हणून परवानाधारकाकडे पाहणाऱ्या नजरेतला भेदभाव जात नाही. किंग यांना कागद नाकारला गेला. कॅस्टीलच्या खिशात कागद होता.

इतिहासाच्या कसोटीचीही अडचण लवकरच उघड झाली. जो इतिहास गुलामीच्या आणि वंशभेदाच्या कायद्यांनी भरलेला आहे, त्यातले कोणते पान प्रमाण मानायचे? पत्नीला मारहाण करणाऱ्याची बंदूक काढून घेणारा कायदा अठराव्या शतकात नव्हता, म्हणून आज तो चालणार नाही, असेही एका न्यायालयाने ठरवले. शेवटी जून २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी तो कायदा वैध ठरवला आणि जुना कायदा हुबेहूब सापडण्याची गरज नाही, असे स्पष्ट केले.

आपण काय निवडले

हा प्रश्न आपल्या घटनाकारांपुढेही आला होता. लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत, १८७८ मध्ये, देशी वृत्तपत्रांचे तोंड बंद करणारा कायदा आणि शस्त्रबंदीचा कायदा एकाच वर्षी आले. शस्त्रकायद्यातून युरोपियनांना सूट होती. त्या अपमानाची सल १९३१ च्या कराची काँग्रेसच्या ठरावात उतरली आणि मूलभूत हक्कांत, नियमांच्या चौकटीत, शस्त्र बाळगण्याचा हक्कही मागितला गेला. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत ह. वि. कामत यांनी तो हक्क घटनेत घालण्याची दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी ती नाकारली. परक्या सरकारने प्रजेला दुर्बळ ठेवण्यासाठी शस्त्रे नाकारली, म्हणून ती मागणी तेव्हा योग्य होती; आता राज्य आपले आहे आणि प्रत्येकाला बाजारात जाऊन हवे ते शस्त्र घेता आले तर राज्यकारभार चालणेच कठीण होईल, असा त्यांचा युक्तिवाद होता. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या मार खाल्ला त्या समाजाचा नेता हे सांगत होता. दुबळ्याला सुरक्षितता देण्याचे काम कायद्याचे आहे, ते प्रत्येकाच्या कमरेवर सोपवायचे नाही, ही त्यामागची धारणा होती.

१९५९ च्या आपल्या शस्त्र अधिनियमाने तारतम्य ठेवले, पण त्याला तीन लगाम घातले. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणाने परवाना नाकारता येत नाही. नकाराची कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि, सार्वजनिक हिताला बाध येत नसेल तर, मागितल्यावर अर्जदाराला द्यावी लागतात. नकाराविरुद्ध अपील करता येते. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाजवळच्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. कागदावरची ही चौकट फ्लोरिडापेक्षा सावध आणि जुन्या अलाबामापेक्षा न्याय्य आहे. ती व्यवहारात तशी राहते का, हे पाहण्याचा एक साधा मार्ग आहे. प्रत्येक जिल्ह्याने दरवर्षी किती अर्ज आले, कोणत्या वस्त्यांतून आले, किती आणि कोणत्या कारणाने फेटाळले, हे जाहीर करावे. तारतम्याचा गैरवापर अंधारात होतो. आकडे उजेडात आले की अधिकाऱ्याला आपल्या नकाराचा जाब द्यावा लागतो.

अमेरिकेच्या दोनशे वर्षांतून निघणारा धडा असा की विश्वासाचे वाटप अन्यायाने झाले, म्हणून पिस्तुलांचे वाटप मुक्तपणे केल्याने न्याय होत नाही. अल्पसंख्य माणूस परवाना मागायला जातो तेव्हा त्याला मुळात पिस्तूल हवे असते असे नाही. आपल्या दारावर दगड आला तर पोलीस वेळेवर येतील, आपली तक्रार लिहून घेतील आणि दगड मारणाऱ्याला पकडतील, एवढी खात्री त्याला हवी असते. मंटगमेरीच्या शेरीफला त्या तरुण धर्मोपदेशकाचा अर्ज फेटाळण्याचा कदाचित अधिकार होता. मात्र बॉम्ब टाकणाऱ्यांना शोधून शिक्षा करण्याचे त्याचे कर्तव्यही होते. कोणत्याही राज्याची परीक्षा आधी त्या कर्तव्यावर घ्यावी आणि मग परवान्यांचे आकडे पाहावेत.